हळव्या पाठीचा घोडा आणि जिनाखालचा पॅड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पागेत रेसकोर्सवरून निवृत्त झालेले तीन थरोब्रेड आणि सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेले दोन मारवाडी घोडे आहेत. पाचांपैकी तिघांच्या पाठी हळव्या. त्यामुळे घोडा पाळणारे, रायडिंग शिकणारे आणि घोड्याच्या हौसेपायी कर्जात बुडालेले असे सगळे लोक आम्हाला पॅडबद्दल विचारत असतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण काही प्रश्नांचं उत्तर खरंच ‘नाही’ एवढंच आहे.

जिनाखाली पॅड घालायचाच कशाला?

मुख्य कारणं तीन. घाम टिपणं, कातडी आणि चामडं यांच्यातलं घर्षण कमी करणं आणि जीन स्वच्छ राखणं. बस. बाकी सगळं, म्हणजे धक्का शोषणं, दाब वाटून देणं, पाठ बरी करणं, हे पॅडच्या वेष्टनावर जेवढं ठसठशीत छापलेलं असतं तेवढं पाठीवर उतरत नाही.

गंमत म्हणजे इंग्रज ज्याला ‘नमना’ म्हणतात, तो शब्द आपल्या नमद्यावरूनच तिकडे गेला. नमदा म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड. काश्मिरात आणि राजस्थानात टोंकला आजही बनतं. परदेशी दुकानातला महागडा ‘वूल फेल्ट’ पॅड पाहिला की मला नेहमी हेच आठवतं.

घोडा हळवा आहे, तर जाड आणि मऊ पॅड घातला की त्याला आराम नाही का मिळणार?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि इथेच घोटाळा होतो. मापात शिवलेल्या ब्लाउजच्या आत स्वेटर घालून बघा. स्वेटर मऊच असतो, पण हात वर करता येत नाही.

जिनाचा आतला सांगाडा, ज्याला ट्री म्हणतात, तो ताठ असतो. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो, म्हणजे विदर्स, त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रीची टोकं उतरतात. त्यांच्यातलं अंतर ठरलेलं. तुम्ही एक सेंटिमीटर जाडीचा पॅड घातला, तर तो डावीकडेही एक सेंटिमीटर जागा खातो आणि उजवीकडेही. म्हणजे दोन्ही मिळून जवळजवळ दोन सेंटिमीटर जागा कमी झाली. कालपर्यंत बरोबर बसणारं जीन आज अरुंद झालं. पुढून अरुंद झालं की ते वर उचललं जातं, स्वाराचं वजन मागे ढकललं जातं, आणि कंबरेशी नवा दाब तयार होतो. घोडा आणखी कुरकुरतो. मग मालक आणखी जाड पॅड आणतो.

मराठीत ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी भरण्याला का वापरतात, ते अशा वेळी नीट कळतं.

हे मी शहाणपणाच्या उंचीवरून सांगत नाही. आमची एक घोडी, बिजली, तेव्हा सहा वर्षांची, रेसमधून नुकतीच आलेली. खरारा करताना पाठीवर हात फिरवला तरी कातडी थरथरवायची. मी हौसेने जेलचा पॅड आणला, त्याखाली रजईसारखा शिवलेला सुती पॅड ठेवला, वर जीन. पहिले चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी तंग, म्हणजे जिनाचा पोटाखालचा पट्टा, आवळताना तिने मान वळवून सईसाच्या बाहीला दात लावले. आठव्या दिवशी ती उजवीकडे वळायला तयार होईना. सईस पहिल्या दिवसापासून म्हणत होता, “साहेब, जीन वर आलंय.” मी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. दोन्ही पॅड काढून एक पातळ सुती पॅड घातला, दोन आठवडे विश्रांती दिली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. चूक माझी होती, पॅडची नव्हती.

मग आधी जीन बरोबर बसतं की नाही हे कसं ओळखायचं?

पॅड न घालता, घोडा सपाट जमिनीवर चारी पायांवर सरळ उभा करून. जीन थोडं पुढे ठेवा आणि केसांच्या दिशेने मागे सरकवा. जिथे ते आपोआप थांबेल ती त्याची जागा. आता हे पाहा.

खांद्याचं फावड्यासारखं हाड मोकळं हवं. घोड्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं, खांदा नुसत्या स्नायूंनी बांधलेला असतो. पुढचा पाय पुढे टाकला की त्या हाडाचा वरचा भाग मागे सरकतो. जीन त्याच्यावर चढलेलं असेल तर प्रत्येक पावलाला ठोकर बसते. मागच्या बाजूला जीन शेवटच्या बरगडीच्या पुढेच संपलं पाहिजे. बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात. शेवटची बरगडी बोटांनी चाचपून शोधा आणि तिथून वर सरळ रेष मनात ओढा. त्या रेषेमागे वजन नको, कारण तिथे खालून बरगड्यांचा आधार नाही.

विदर्स आणि जीन यांच्यात स्वार बसल्यावर दोन ते तीन बोटं उभी मावावीत. ‘स्वार बसल्यावर’ हे विसरू नका. रिकाम्या जिनाखाली तर अख्खी मूठ जाते. मागून वाकून बघितलं तर मणक्याच्या वरच्या पोकळीतून आरपार उजेड दिसला पाहिजे. मग जिनाच्या गादीखाली हात घालून पुढून मागे सरकवा. दाब सगळीकडे सारखा लागतो का? मध्येच हात सैल पडला आणि पुढे-मागे घट्ट लागला, तर जीन पुलासारखं दोन टोकांवर टेकलंय. मध्ये घट्ट आणि टोकांना सैल असेल, तर ते आरामखुर्चीसारखं डुलतंय.

या तपासणीत जीन नापास झालं, तर पॅडच्या दुकानात जाऊ नका.

घोडा ‘हळवा’ आहे म्हणजे नेमकं काय समजायचं?

कुठे हळवा, हे आधी शोधा. कातडीचा हळवेपणा वेगळा, स्नायूंचा वेगळा, पोटाचा वेगळा.

कातडी नाजूक असेल तर केस तुटलेले दिसतात, पुरळ उठतं, घाम आला की खाज सुटते. थरोब्रेडची कातडी पातळ असते, हे त्यांच्यात जास्त. इथे पॅडचा खरा उपयोग आहे.

स्नायू दुखत असतील तर मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांच्या पोटांनी हळूहळू दाबत गेल्यावर घोडा पाठ खाली टाकतो, शेपटी झटकतो, कान मागे नेतो. इथे पॅड हे उत्तर नाही. जीन, स्वाराची बैठक, नाल, पायातला जुना ताण, अगदी दातसुद्धा तपासावे लागतात. पाठीच्या मणक्यांची वरची टोकं एकमेकांना घासत असतील, तर ते एक्स-रेत कळतं, पॅडने नाही.

आणि तंग आवळताना चावायला धावणारा घोडा? त्याच्या पोटात अल्सर असू शकतो. रेसच्या घोड्यांना जास्त दाणा, कमी चारा आणि दिवसभर तबेल्यात उभं राहणं यामुळे तो फार आढळतो. मी पाहिलेल्या अशा घोड्यांच्या मालकांनी आधी चार पॅड बदलले होते, मग डॉक्टर बोलावला होता.

कापडी, लोकरीचा, जेलचा की फोमचा? कोणता घ्यावा?

एका वाक्यात सांगायचं तर: जीन मापाचं असेल तर पातळ सुती, आणि कातडी फारच नाजूक असेल तर खऱ्या मेंढीच्या कातड्याचा, पण त्याला पुरेल एवढी जागा जिनात असेल तरच. आता सविस्तर.

सुती रजईवजा पॅड आपल्या हवेला उत्तम. घाम पितो, धुता येतो, वाळतो, स्वस्त असतो. दाबल्यावर अगदी पातळ होतो, म्हणून मापात फारशी लुडबुड करत नाही. चार घेऊन ठेवा आणि रोज बदला. माझ्या मते एका महाग पॅडपेक्षा चार साधे पॅड घोड्याचं जास्त भलं करतात. आतलं अस्तर मात्र हाताने चोळून बघा. बरेच पॅड बाहेरून सुती आणि आतून पॉलिस्टरचे असतात, ते घामात चिकटतात.

मेंढीच्या कातड्याचा पॅड म्हणजे लोकर कातड्यासकट. तंतू उभे असतात, त्यांच्यामध्ये हवा खेळते, आणि घोड्याची कातडी सरकली तर तंतू तिच्याबरोबर वाकतात, घासत नाहीत. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. पुण्याच्या एप्रिलमध्ये लोकर घालायची कल्पना वेडगळ वाटते, पण रबरासारख्या पॅडपेक्षा ती थंडच राहते. दोष एकच: जाडी. तीन सेंटिमीटरपर्यंतचे तंतू दाबले गेले तरी जाडी उरतेच. नकली ‘फ्लीस’ला याचा गुण नाही. महिन्याभरात त्याच्या गाठी होतात आणि त्या गाठीच टोचतात.

लोकरीचा दाबलेला नमदा चांगला टिकतो, सरकत नाही. पण नवीन असताना ताठ असतो आणि नीट वाळवला नाही तर कडक होतो.

जेल हाताला मऊ लागतो, म्हणून दुकानात खपतो. हातावर दाबून बघणं आणि ऐंशी किलोच्या स्वाराखाली तासभर दौडणं यात फरक आहे. जेल जड असतो, उष्णता धरून ठेवतो, घाम पीत नाही, आणि मापाच्या जिनाखाली पुढच्या भागातला दाब वाढवू शकतो. हळव्या कातडीवर तो थेट तर कधीच ठेवू नये.

मेमरी फोम गरम झाला की मऊ होतो आणि जिथे दाब जास्त तिथेच आधी बसतो. म्हणजे जिथे गरज सर्वांत जास्त, तिथे तो पापडासारखा. चांगल्या प्रतीचा बंद पेशींचा फोम टिकतो, पण वारा खेळत नाही. निओप्रीनबद्दल, म्हणजे पाणबुड्यांच्या पोशाखाच्या रबराबद्दल, फार बोलत नाही. पाणबुड्याचा पोशाख घोड्याला मे महिन्यात घालायचा, एवढंच.

याबद्दल काही संशोधन आहे की सगळं पागेतलं ज्ञान?

आहे. जिनाखाली दाब मोजणारी पातळ संवेदक चटई घालून घोडा चालवायचा, अशा चाचण्या युरोपात झाल्या आहेत. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये मापात बसणाऱ्या जिनाखाली जेल, चामडं, फोम आणि रेनडिअरचं केसाळ कातडं असे चार पॅड तपासले. केसाळ कातडं उजवं ठरलं. पण त्यांचा निष्कर्ष मोलाचा आहे तो असा की चांगला निवडलेला पॅड भार कमी करू शकतो आणि वाईट निवडलेला वाढवू शकतो. म्हणजे ‘घातला तर काही नुकसान तर नाही ना’ हे वाक्य चुकीचं आहे. नुकसान होऊ शकतं.

पॅडचा आकार कसा असावा? चौकोनी, जिनाच्या आकाराचा की अर्धा?

चौकोनी, जिनाच्या आकाराचा की अर्धा, म्हणजे फक्त बैठकीखाली पुरणारा, याला महत्त्व नाही. महत्त्व वरच्या रेषेला आहे. पॅड घोड्याच्या पाठीसारखा वळलेला हवा, म्हणजे विदर्सशी उंच आणि मागे जरा खोल. सरळ रेषेत शिवलेला पॅड विदर्सवर ताणला जातो आणि स्वार बसला की तंबूच्या दोरीसारखा घट्ट होतो. वर दोन बोटं मोकळी दिसतात, पण खाली कापडच दाब देत असतं. विदर्सच्या टोकावर केस गेलेले घोडे पाहिलेत ना? त्यातल्या कित्येकांना जीन नव्हे, पॅड काचतो.

म्हणून पॅड घातल्यावर तो पुढून वर ओढून जिनाच्या पोकळीत नीट घुसवा. तंग आवळायच्या आधी एकदा, आवळल्यावर पुन्हा एकदा.

पॅडच्या कडा जिनाच्या गादीपेक्षा चोहोबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर तरी बाहेर हव्यात. कड जर गादीच्या खाली आली तर तिची शिवण दोरीसारखी रुतते. मणक्यावरून जाणारी मधली शिवण, कंपनीचं लेबल, वेल्क्रोच्या पट्ट्या, नक्षीदार काठ, सगळ्यांवरून बोट फिरवा. तुमच्या मनगटाच्या आतल्या बाजूला जे टोचेल ते घोड्यालाही टोचेल. लेबल कापून टाका. कंपनीला वाईट वाटणार नाही.

जीन थोडं रुंद आहे. पॅड घालून भागेल का?

थोडं रुंद असेल आणि काही काळापुरतं असेल, तर हो. इथे पॅडला खरं काम आहे.

आजारपणातून उठलेला, रेसमधून आलेला किंवा बराच काळ उभा राहिलेला घोडा पाठीवरून वाळतो. खांद्यामागे दोन्ही बाजूंना खळगे पडतात. त्या घोड्याला आत्ताच्या मापाचं अरुंद जीन घेऊन दिलं, तर स्नायू भरायला जागाच राहत नाही. त्यापेक्षा जरा रुंद जीन आणि खिसे असलेला पॅड चांगला. त्या खिशांत फेल्टचे किंवा फोमचे पातळ तुकडे घालता येतात, पुढे, मध्ये किंवा मागे, हवे तिथेच. स्नायू भरत जातील तसे तुकडे काढत जायचं. दोन्ही खांदे सारखे नसतील, आणि बहुतेकदा नसतातच, तर एका बाजूला जास्त तुकडा. पण हे डोळ्यांनी नको, एखाद्या जाणत्याला दाखवून करा.

ही युक्ती नवी नाही. ब्रिटिशकालीन घोडदळाच्या फौजी जिनाखाली घडी केलेलं कांबळं असायचं. मोहिमेत घोडा वाळला की कांबळ्याची घडी बदलून जीन पुन्हा बसतं करायचे. खळगा कुठे आहे ते बघून तिथेच भर घालायची, ही त्यातली समजूत होती. सगळीकडे सारखं जाड करायचं नाही.

फार रुंद जीन मात्र पॅडने सुधारत नाही. ते पुढे खाली बसतं, डावी-उजवीकडे लोळतं, आणि पॅडवर पॅड चढवले की त्यांच्यावर होडीसारखं हेलकावतं.

आणि जीन अरुंद असेल तर?

नाही. कुठलाही पॅड अरुंद जीन रुंद करत नाही. प्रत्येक पॅड ते आणखी अरुंद करतो.

दोन पातळ पॅड एकावर एक चालतील?

नाही. दोन थर एकमेकांवर घसरतात, सुरकुत्या पडतात. अर्ध्या पॅडखाली अगदी पातळ सुती कापड, एवढीच सवलत.

नवा पॅड आणला. तो जमतोय की नाही हे कसं तपासू?

आधी पॅडशिवाय जीन ठेवून विदर्सवरची बोटं मोजा आणि बाजूने एक फोटो काढा. मग पॅड घालून तोच फोटो, त्याच जागेवरून. जिनाचा पुढचा भाग मागच्या तुलनेत वर गेलेला दिसला तर पॅड जाड आहे. जिनाच्या बैठकीचा सर्वांत खोल बिंदू मागे सरकला तरी तोच अर्थ.

तंग एका दमात आवळू नका. अर्धा आवळा, पुढचे पाय एक-एक करून पुढे ओढून कातडीच्या घड्या मोकळ्या करा, दहा मिनिटं हातात धरून चालवा, मग पुन्हा एक भोक. चढताना ओटा किंवा स्टूल वापरा. जमिनीवरून रिकिबीत पाय टाकून चढलं की सगळं जीन डावीकडे ओढलं जातं आणि पॅड मुरगळतो. हळव्या घोड्याची अर्धी तक्रार तिथेच असते.

पहिल्या दिवशी वीस मिनिटंच चालवा. उतरल्यावर पॅड किती सरकला ते बघा. मग आठवडाभर तीन गोष्टी लिहून ठेवा: तंग आवळताना घोड्याने काय केलं, पहिली पाच मिनिटं कसा चालला, दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ दाबल्यावर काय केलं. घोडा बोलत नाही असं म्हणतात. वहीत लिहिलं की तो फार बोलका असल्याचं लक्षात येतं.

जीन काढल्यावर घामाचे डाग दिसतात. त्यांचा अर्थ काय?

दोन्ही बाजूंना सारखा, सलग ओलावा आणि मणक्यावर कोरडी पट्टी, हे चांगलं. ओल्या भागात मध्येच हाताएवढा कोरडा डाग असेल, तर थांबा. त्याचे दोन उलटे अर्थ होतात. तिथे एवढा दाब आला की घामाच्या ग्रंथी चेपल्या गेल्या, किंवा तिथे जीन टेकतच नव्हतं.

ओळखायचं कसं? पांढरा पॅड वापरा आणि घोड्याला नेहमीपेक्षा जरा कमी खरारा करा. जिथे दाब आहे तिथे मळ ठळक उमटतो, जिथे स्पर्श नाही तिथे पॅड पांढराच राहतो. पांढरे पॅड स्पर्धेत रुबाबदार दिसतात म्हणून घेतात. मी मळ वाचायला घेतो.

तासाभराने त्या जागी सूज आली का, हात लावल्यावर गरम लागतं का, तेही बघा. कोरडा डाग आणि नंतर सूज, म्हणजे दाबच.

पाठीवर पांढरे केस आले आहेत. पॅड बदलला तर जातील का?

बहुधा नाही. दाबामुळे केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी मरतात, तेव्हा पांढरा केस येतो. ती जुन्या जखमेची खूण असते, कधी आधीच्या मालकाच्या वेळची. नवे पांढरे केस उगवतायत का, एवढंच बघायचं. उगवत असतील तर आत्ताचंच जीन दोषी आहे.

मारवाडी किंवा काठेवाडी घोड्याला इंग्लिश जीन बसत नाही, म्हणून जाड पॅड घालतो. चालेल?

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा घ्यायचा आणि वाटेत एखादं तयार जीन उचलायचं, ही आपल्याकडची नेहमीची रीत. कानपूर जिनांचं मोठं केंद्र आहे आणि तिथला माल जगभर जातो. पण स्वस्तातली जिनं एका ठरावीक ‘मीडियम’ मापात येतात. सडपातळ अंगाच्या मारवाडीला ते रुंद पडतं, गोल पाठीच्या तट्टाला अरुंद. दोघांचे मालक एकच जाड पॅड घेतात. पहिल्याचं थोडंफार निभावतं, दुसऱ्याचे हाल होतात.

तट्टाचा आणखी एक प्रश्न म्हणजे विदर्स जवळजवळ नसतातच, त्यामुळे उतारावर जीन मानेकडे घसरतं. माथेरानसारख्या चढउताराच्या वाटांवर हे रोजचं आहे. तिथे पॅड जाड केला की घसरणं वाढतं, कारण उंची वाढली की लोळणंही वाढतं. त्याला उपाय दुमची. शेपटीखालून जाणारा हा पट्टा आपल्या आजोबांना माहीत होता. त्याची गोल बाजू मऊ आणि स्वच्छ ठेवायची, नाहीतर पाठ वाचली आणि शेपटी सोलली अशी गत.

भाड्याच्या घोड्यांवर गोणपाट, जुनी चादर, त्यावर ब्लँकेट अशी चळत दिसते. ती टाकून द्या म्हणणं सोपं आहे. घोडेवाल्याला मी एवढंच सांगतो की चादरीची घडी गादीखाली येऊ देऊ नको, आणि दुपारी एकदा जीन उतरवून पाठीला वारा लागू दे. हे दोन्ही फुकट आहे.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

ओला पॅड दुसऱ्या दिवशी पुन्हा घालू नका. कातडी ओली राहिली की खपल्या धरतात, बुरशी येते, आणि खपल्यांवर जीन ठेवलं की जखम. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर जाड पॅड वाळतच नाहीत. तेवढे महिने लोकरी पॅड पेटीत आणि पातळ सुती पॅड पाठीवर, हे मला सोयीचं वाटतं.

धुताना कपड्यांची नेहमीची पावडर अर्धी घ्या आणि दोनदा खळबळून काढा. सुवासिक फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. त्याने कापडाची घाम पिण्याची ताकद जाते आणि नाजूक कातडीवर पुरळ येतं. अचानक पुरळ आलेल्या घोड्याच्या मालकाला मी पहिला प्रश्न ‘पावडर बदलली का?’ हा विचारतो. मेंढीचं कातडं गार पाण्यात, लोकरीच्या साबणाने, आणि सावलीत वाळवायचं. उन्हात ते पापडासारखं तडकतं.

एकच पॅड दोन-तीन घोड्यांना वापरला तर?

गजकर्ण झपाट्याने सगळ्या पागेत पोचतं. खरारा, पॅड आणि तंग, प्रत्येक घोड्याचे वेगळे ठेवा. पॅडवर घोड्याचं नाव भरतकामात घालायची हौस इथे कामाला येते.

पॅड सारखा मागे सरकतो. न सरकणारा, रबरी अस्तराचा घ्यावा का?

आधी कारण शोधा. पॅडचे पट्टे जिनाला अडकवलेत का? घोडा नुकताच बारीक झालाय का? पुढून अरुंद जीन स्वतः मागे सरकत असतं आणि पॅडला बरोबर नेतं. रबरी अस्तर पॅडला कातडीवर पकडून धरतं, मग जीन, पॅड आणि कातडी यांच्यातली सगळी ओढाताण कातडीवर येते. हळव्या घोड्याला ते जास्त लागतं.

किती दिवसांनी पुन्हा तपासणी करावी?

काम नियमित असेल तर दर तीन महिन्यांनी. नव्याने काम सुरू केलेल्या घोड्याची पाठ सहा आठवड्यांत बदललेली दिसते. हिरवा चारा मुबलक झाला की घोडा फुगतो, उन्हाळ्यात उतरतो. जिनाच्या गादीतली लोकरही दबून बसते, ती वर्षातून एकदा उसवून सारखी करून घ्यावी. गादीतली लोकर सारखी केल्यावर पॅडची गरजच उरली नाही, असं आमच्याकडे दोनदा झालंय.

आमच्या गावात जीन बसवणारा जाणकार कोणी नाही. मी एकटा काय करू शकतो?

स्टेशनरीच्या दुकानात, जिथे आर्किटेक्चरची मुलं सामान घेतात, तिथे वाकवता येणारी लवचिक पट्टी मिळते. साठ सेंटिमीटरची घ्या. घोडा सरळ उभा करा, मान वर नाही, खाली नाही. खांद्याच्या हाडाच्या मागच्या कडेपासून तीन बोटं सोडून पट्टी विदर्सवरून दोन्ही बाजूंना दाबून बसवा, तिचा आकार न बिघडवता उचला आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलीने गिरवा. तसंच जिनाच्या मध्यावर आणि शेवटच्या बरगडीशी. लांबीच्या दिशेने पाठीचा एक चौथा आकार घ्या. प्रत्येकावर तारीख आणि ‘डावी’, ‘उजवी’ असं लिहा.

पुढचा आकार कात्रीने कापून जिनात पुढून धरून बघा. पुठ्ठा ट्रीच्या टोकांना समांतर बसला तर ठीक. टोकांशी अडला तर जीन अरुंद, टोकांशी फट राहिली तर रुंद. तुमचा पॅड किती जाड आहे ते दोन लाकडी पट्ट्यांत घट्ट दाबून मोजा आणि तेवढी रेष पुठ्ठ्यावर बाहेरून वाढवा. वाढवलेला आकार जिनात मावत नसेल, तर तो पॅड त्या जिनासाठी नाही. पुठ्ठे फेकू नका. आमच्याकडे बिजलीचे चार वर्षांचे पुठ्ठे पागेच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेले आहेत. पहिल्या पुठ्ठ्यात खांद्यामागे जिथे खळगा होता, तिथे शेवटच्या पुठ्ठ्यात फुगवटा आहे, आणि तिच्या पाठीवर आता फक्त एक पातळ सुती पॅड असतो.